मोरेश्वरांचा ठोका

“मी आहे ना गं?” चहा पिता पिता मोरेश्वरांनी विचारलं, आणि शाल्मलीच्या हातातला कप तसाच राहिला.

तिच्या वडिलांची तब्येत आता ठणठणीत होती. पण त्यांना बसवलेलं नवं, यांत्रिक हृदय धडधडत नसे. त्यातली चक्री रक्त एकसारखं वाहतं ठेवी. मनगटावर नाडी लागत नसे. मोरेश्वर सारखे छातीवर हात ठेवून बघत.

शाल्मली पणजीच्या एका क्लबात टेक्नो संगीत वाजवायची. तिच्या मिक्समध्ये एकच जाड ठोका तासभर चाले, आणि बाकीचे आवाज त्याच्याभोवती हळूच येऊन विरघळत. मोरेश्वर त्याला ‘पिठाची गिरणी’ म्हणत. तरी त्या दुपारी तिने त्यांना रिकाम्या क्लबात नेलं, मोठ्या स्पीकरला पाठ टेकवून बसवलं आणि ठोका सोडला.

ते दचकले. मग हात छातीवर गेला.

“वाजतंय गं,” ते पुटपुटले. “आत वाजतंय!”

शाल्मलीने ठोक्याचा वेग उतरवत उतरवत त्यांच्या जुन्या हृदयाच्या चालीवर आणला. मोरेश्वरांनी तो ओळखला, डोळे मिटून थोडा वेळ ऐकला आणि मान हलवली.

“हा फार दमला होता गं. त्याला जाऊ दे आता. तू रोज वाजवतेस ना, तसं वाजव.”

तिने वेग वाढवला. मोरेश्वर स्पीकरला धरून उठले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच लेकीच्या गाण्यावर नाचू लागले.