लिंबूटिंबू

पडद्यावरच्या गेमचा आणखी एक डाव जिंकला, की दिगंबररावांचे सलग पाच हजार विजय होणार होते आणि सोसायटीच्या फलकावर फोटो लागणार होता.

"अहो, मनगटावरचा पट्टा काढून खेळा की," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तुम्ही वैतागलात हे नाडीवरून कळलं नाही, तर गेम मुद्दाम हरून तुम्हाला सांभाळून घेणार नाही."

"मला कोण सांभाळून घेतंय?" म्हणत त्यांनी ऐटीत पट्टा काढला, आणि सातव्या मिनिटाला हरले.

अंगावर सर्रकन काटा आला. समोर खरंच कुणीतरी खेळत होतं!

"म्हणजे इतकी वर्षं मी लिंबूटिंबू होतो?"

"आपण सगळेच."

ते बाह्या सरसावून पुन्हा खेळायला बसले. अकरा वेळा हरले. बाराव्यांदा जिंकले, तेव्हा अख्खी सोसायटी ऐकेल असे ओरडले.

त्या एका विजयाची किंमत त्यांनी आधीचे सलग चार हजार नऊशे नव्याण्णव विजय गमावून मोजली होती.