दारावरचा ओरखडा

“आता खुशाल काट्याकुट्यातून न्या. ट्रकच्या रंगाला नखही लागायचं नाही,” गाडीचा रंग जपणारी फिल्म लावणारा कारागीर म्हणाला.

ट्रकमालक ड्रायव्हरच्या दारापाशी उकिडवा बसला आणि नव्या पारदर्शक फिल्मवरून बोट फिरवू लागला.

“इथे एक जुना ओरखडा होता.”

“होता की, चांगला हातभर. फिल्मच्या आधी आम्ही पॉलिश करून सगळे ओरखडे घालवतो. नाहीतर ते आत जन्मभर तसेच राहतात.”

मालकाचं बोट थांबलं.

“बायकोनं ट्रक चालवायला शिकताना फाटकाला घासला होता. आठ दिवस अबोला धरला होता मी. आता ती नाही.”

कारागिराच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

“तो ओरखडा तसाच राहावा म्हणून तर आलो होतो तुमच्याकडे.”