बुडालेल्याची आई

"तुम्ही स्वतः पाहिलंत ना त्याला बुडताना?" थॉमसिनबाईंनी विचारलं.

गेली अकरा वर्षं त्या हेच विचारत होत्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्च सुटलं की आपल्या पोलपेरो गावाहून चालत निघायच्या, होडीने खाडी ओलांडून फॉयला यायच्या, मुलाच्या जहाजाचा निवृत्त कप्तान क्विलर याच्यापुढे केशरी पाव ठेवायच्या आणि विचारायच्या.

"पाहिलं," कप्तान म्हणाला. "शीड फाटलं होतं. तुमचा पेथ्रिक वर चढला आणि लाटेने त्याला उचललं. शूर होता पोरगा."

बाई रडल्या नाहीत. त्या कधीच रडत नसत.

कप्तान आता अंथरुणाला खिळला होता. बाराव्या वर्षी तो आरमारात शिरला. डावा हात डेन्मार्कच्या किनाऱ्यावर गेला, एक कान तोफांनी नेला. तीस वर्षं समुद्रावर काढूनही अ‍ॅडमिरल काही झाला नाही. 'खलाशांशी फार मऊ वागतो,' असा शेरा वरिष्ठांनी मारला होता. त्याला त्याचं हसू यायचं. चाबकाचे फटके त्यानेही कमी मारायला लावले नव्हते.

"पावाला हात लावला नाहीत," बाई म्हणाल्या.

"दात कुठे राहिलेत? तुमचा पाव आणि जहाजावरची बिस्किटं, दोन्ही सारखीच टणक."

"बिस्किटांत किडे असायचे म्हणे. माझ्या पावात मनुका आहेत."

"मला तर फरक कधी कळला नाही."

बाई हसल्या. कप्तान हसला नाही.

"बाई, दार लावून घ्या. डॉक्टर म्हणतो, आठवडाही निघणार नाही. मी तुमच्याशी खोटं बोललो."

बाईंनी दार लावलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"लाटबीट काही नव्हती. पहाटेचं धुकं होतं. तुमचा मुलगा दोरीवरून कोळ्यांच्या होडीत उतरत होता. पळून चालला होता. मी कठड्याशी होतो, पाच हातांवर. एक हाक मारली असती की सापडला असता. मग फाशीच."

"मग?"

"एकोणीस वर्षांचा होता हो. आदल्या दिवशी मीच त्याला चोवीस फटके मारायला लावले होते. मी पाठ फिरवली. जहाजाच्या वहीत लिहिलं, बुडाला. म्हणजे कुणी शोधणार नाही." त्याला धाप लागली. "पुढे तो जगला की मेला, देव जाणे. पण तुम्हाला मी फुकट शोक करायला लावला. आरमाराला कळवायचं तर खुशाल कळवा. मला फक्त माफ करा."

बाई जवळ आल्या आणि त्यांनी त्याचा उरलेला हात दोन्ही हातांत धरला.

"येते मी," एवढंच म्हणाल्या.

ही बाई आता पुन्हा आपलं तोंड पाहणार नाही, असं कप्तानाला वाटलं.

थॉमसिनबाई उतारावरून जवळजवळ धावतच गेल्या. पोलपेरोला पोचल्या तेव्हा श्वास छातीत मावत नव्हता. घरात शिरून त्यांनी सवयीने आधी कडी लावली, पडदे ओढले आणि माळ्याकडे तोंड करून हाक मारली,

"पेथ्रिक, खाली उतर बाळा. कप्तानाने तुला पाहिलं होतं. चल, तो जायच्या आत त्याला तुझं तोंड दाखवू."