सकाळची फुली, दुपारची फुली

आज स्क्रीन गुलाबी होती. साधी गुलाबी नाही, लहान मुलांच्या औषधासारखी गुलाबी.

पर्स खांद्यालाच ठेवून ती खुर्चीत टेकली आणि तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले. बसून कमरेवर हात ठेवले की राग नीट दिसत नाही, म्हणून ती पुन्हा उभी राहिली. बघायला कोणीच नव्हतं. हल्ली ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात यायची.

आर्किटेक्ट बाईंच्या त्या छोट्या ऑफिसात नकाशे काढायचा कॉम्प्युटर एक आणि ड्राफ्ट्समन दोन. सकाळी ती, दुपारी ते. जेवायची सुट्टी झाली की ती निघायची आणि सुट्टी संपली की ते यायचे. भेट झालीच तर जिन्यात. ती जमेल तेवढं रागाने बघायची, ते 'नमस्कार' म्हणून बाजूला व्हायचे, आणि तिचा सगळा राग फुकट जायचा.

भांडण साधंच होतं. तिला स्क्रीन काळी लागायची, त्यांना राखाडी. तिला कर्सरची फुली नखाएवढी हवी, तर त्यांची फुली या काठापासून त्या काठापर्यंत, खिडकीच्या गजांसारखी. तिला ठिपक्यांची जाळी डोळ्यांसमोर नको, त्यांना जाळीशिवाय रेघ सुचत नसे. रोज सकाळी ती सगळं आपल्यासारखं करून घ्यायची, रोज दुपारी ते सगळं आपल्यासारखं. इथवर ठीक होतं. पण एकदा जाता जाता तिने त्यांच्यासाठी फुली जांभळी करून ठेवली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ठिपके नारिंगी सापडले. मग दोघांनीही लाज सोडली.

नकाशाला मात्र कोणी कधी धक्का लावला नाही. त्यांनी काढलेले जिने तिला चोख मिळायचे, तिने काढलेली दारं त्यांना चोख. मारामारी फक्त सेटिंगची.

"आज गुलाबी केली त्यांनी," घरात पाऊल टाकता टाकता तिने वहिनीला सांगितलं. "हद्द आहे की नाही?"

"आहे. आधी चपला काढ." वहिनीने ताट वाढायला घेतलं. "तुझा दादा रागावला की जेवत नाही. तू रागावलीस की दोन घास जास्तच जातात. हा कुठला राग गं?"

"रागच आहे," ती म्हणाली आणि तिने आणखी भात मागितला.

बाईंचा संयम संपला तो बँकेमुळे. बँकेचे साहेब आपल्या नव्या शाखेचा नकाशा बघायला आले. बाईंनी स्क्रीन लावली, तर पोपटी रंगावर जांभळी फुली. साहेब खुर्ची पुढे ओढून बसले. मग म्हणाले, "आमची बँक आहे हो, बालवाडी नाही." बाईंनी दुसऱ्याच दिवशी जेवायच्या सुट्टीत दोघांना समोरासमोर उभं केलं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यालाही बोलावून घेतलं.

"आज याचा निकाल लागला पाहिजे," बाई म्हणाल्या. "नाहीतर तुमच्यापैकी एकाला मी साइटवर पाठवते."

दुरुस्तीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो हसायला लागला. "यात भांडायचं काय आहे? दोघांच्या दोन प्रोफाइल करा. आल्यावर आपलं नाव निवडायचं, की आपला रंग, आपली फुली, सगळं हजर. दोन मिनिटांचं काम."

तिने मनातल्या मनात हिशोब केला. म्हणजे उद्या सकाळी स्क्रीन काळी. परवाही काळी. मग लवकर यायचं कशासाठी, आणि घरी जाऊन वहिनीला सांगायचं तरी काय? भांडण मिटत होतं आणि तिला रडू येत होतं. तिने चोरून त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्मा शर्टाच्या टोकाने पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

दुरुस्तीवाला खुर्चीत बसला. त्याने तिचं नाव टाइप केलं, बटण दाबलं आणि मान वाकडी करून स्क्रीनकडे पाहिलं. "नाव आधीच आहे म्हणतंय."

त्याने ती प्रोफाइल उघडली. स्क्रीन काळी झाली. जाळी गेली. मधोमध एक बारीकशी फुली उरली. सगळं तिला हवं तसं.

बाई तिच्याकडे वळल्या. "मी नाही केली," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

"मी केली," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "आल्यावर पहिल्याच आठवड्यात. म्हटलं, त्यांना रोज सकाळी त्रास नको."

"अहो, मग सांगायचं ना," बाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर भांडण मिटलं असतं."

दुरुस्तीवाला एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. तिला हसू फुटत होतं आणि ते दाबायला जागा सापडत नव्हती, म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

ते मात्र स्क्रीनजवळ वाकले होते. त्यांनी चष्मा चढवला, पुन्हा काढला, पुन्हा चढवला.

"पण मी फुली एवढी बारीक नव्हती ठेवली," ते म्हणाले. "ही कोणी केली?"

"मी," ती म्हणाली. "तुम्ही प्रोफाइल केलीत ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."