भिंतीसमोरचं नाही

मेव्हण्याने दालनाचं दार लावून घेतलं, तेव्हाच मंत्री राजाभाऊ घोसपुरकरांनी ओळखलं की हा पुलाच्या कंत्राटासाठी आलाय.

"दाजी, जरा गॅलरीत येता?" विलास म्हणाला. खरी बोलणी आजवर गॅलरीतच व्हायची.

"आता गॅलरीच्या भिंतीही ऐकतात," राजाभाऊ म्हणाले. माहितीचा कायदा एक तारखेपासून मंत्र्यांनाही लागू झाला होता. भिंती सगळं बोलणं टिपून ठेवत आणि कुणीही नागरिक ते घरबसल्या मागवून ऐकू शके.

"घरचा माणूस म्हणून सांगतोय, एवढं कंत्राट मला द्या."

राजाभाऊंनी भिंतीकडे पाहिलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघालं, "नाही."

विलास तणतणत निघून गेला. राजाभाऊंना हलकं वाटलं, पण घरी बायकोला काय सांगायचं, याची ते जुळवाजुळव करू लागले. तेवढ्यात भिंतीवर अक्षरं उमटली: हे बोलणं एका नागरिकाने मागवलं आहे. नाव, कुमुद राजाभाऊ घोसपुरकर.

थोड्याच वेळात बायकोचा फोन आला.

"तीनदा ऐकलं," कुमुदताई म्हणाल्या. "विलासला नाही म्हणायला मला जन्मात जमलं नाही."

"अगं, हळू बोल. हेही सगळं गाव ऐकेल."

"ऐकू दे. लवकर या, भरली वांगी केलीत."