गॅलरीतलं धोतर

शहराबाहेर बांधलेल्या घरकुलांत कुणी राहायला जाईना, तेव्हा बंद दिसेल ते घर काढून दुसऱ्याला द्यायचं, असा नियम निघाला. बन्सीची भाजीची गाडी नगरच्या बाजारात. एवढ्या लांबून रोजची ये-जा जमत नव्हती आणि मिळालेलं घरही सोडवत नव्हतं. म्हणून तो दर दोन दिवसांनी दुपारी यायचा, गॅलरीत ओलं धोतर वाळत घालायचा आणि शेवटच्या बसनं परत जायचा. तपासणीवाल्यानं धोतर पाहिलं आणि खालूनच 'राहते घर' असं लिहून घेतलं.

आज समोरचं दार उघडं होतं. एक बाई सामान लावत होती. तिची लहान मुलगी उंबऱ्यात बसली होती.

"ते धोतर तुमचंच व्हय, बाबा?" बाई हसली. "घर बघाय आलो तवा समदी कुलपंच. पोरगी म्हनली, मला भ्या वाटतं. तुमचं धोतर दावलं, तवा कुठं तयार झाली."



"रातच्याला हाक मारली तर याल न्हवं?" मुलीनं विचारलं.

"येईन की."

त्यानं धोतर नीट झटकून वाळत घातलं. मग मुलीला दिसू नये म्हणून मागच्या जिन्यानं उतरून शेवटची बस गाठली.