डोलकाठीवरचा दिवा

“मिस्त्री, पानी परत आटलं हिचं,” असं म्हणत दिनानाथ तांडेलांनी खांद्यावरची बॅटरी खंडेरावच्या दुकानातल्या फळीवर ठेवली.

खंडेरावने बुचं उघडून आत पाहिलं. पाणी तळाला गेलं होतं, पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. खंडेराव मूळचा नगरकडचा. तारापूरच्या वीजकेंद्राच्या कामावर आला आणि पुढे पालघरला बॅटरी-डायनॅमोचं दुकान टाकून बसला. यंत्राला जीव लावावा, माणसांचं काही खरं नाही, हे त्याचं आवडतं मत.

“ही उकळलीय, तांडेल. इंजिन दिवसभर चालवता काय?”

“नाय ओ. सांजेला घटकाभर. दिव्यापुरतं.”

“आणि मासेमारीला जाता तेव्हा?”

“बोट दर्यात जात नाय आता.”

मग म्हाताऱ्याने सांगितलं. गेल्या साली त्यांचा एकुलता एक कृष्णकांत बोटीवरून पाण्यात पडला. बोट दातिवऱ्याला परत आली, पोरगा आला नाही. तेव्हापासून बोट किनाऱ्यावर वाळूत उभी आहे आणि तिच्या डोलकाठीवर रात्रभर दिवा जळतो.

“दर्यात गेलेल्या मानसाचा दिवा घरच्यानं विझवू नये, असं आमच्यात हाय. त्याची आय, जयवंती, रोज त्या दिव्याखाली बसते. म्हनते, पोर दिवा बघून येल. मला काय कलत नाय काय? पन तिची आस त्या दिव्यावर हाय, मिस्त्री. दिवा गेला तर बाय माझी जायल.”

बोलता बोलता ते पुढे वाकले आणि सदऱ्याआडचा गळ्यातला ताईत बाहेर निसटून बॅटरीवर लोंबू लागला. खंडेराव ओरडलाच, “अहो, तो आत घाला आधी! दोन्ही टोकांना लागला तर ठिणगी उडेल. हकनाक भाजाल.”

म्हाताऱ्याने ताईत झटकन मुठीत धरला. तांब्याचा होता, पण काळाठिक्कर पडला होता.

“चिंच लावून घासा. लखलखीत होईल.”

“ऱ्हाऊ दे तसाच,” दिनानाथ म्हणाले.

खंडेरावने विषय सोडला. त्याच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. अशा बोटींवर नुसतं कटआउट असतं. कटआउट म्हणजे दारातला राखणदार, बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत जाऊ देत नाही, एवढंच. भरल्या पोटाला आणखी वाढू नये ही अक्कल रेग्युलेटरला असते. पण घटकाभर इंजिन चालवून पोट भरतंय कुठं? बॅटरी उकळायला इंजिन चांगलं तासन्‌तास चालायला हवं. मग चुकतंय काय? नुसतं कटआउट बदलावं, लॉरीचा जुना रेग्युलेटर बसवावा, की बोटीसाठीचा बंद डब्यातला नवा? बघितल्याशिवाय निवड करणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

त्या रात्रीपुरती दुकानातली दुसरी बॅटरी त्याने तांडेलांबरोबर दिली, त्यांची भरून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ती घेऊन, दोन्ही रेग्युलेटर पिशवीत टाकून तो दातिवऱ्याला गेला.

दिनानाथ इंजिन थंड ठेवायला पाणी आणण्यासाठी घागर घेऊन विहिरीवर गेले. तेवढ्यात जयवंतीने त्याच्यासमोर चहाची कपबशी ठेवली. म्हातारी वाळली होती, पण नजर स्वच्छ होती. खुळ्या माणसाची नव्हती.

“दादा, एक सांगू? त्यांना बोलू नका. इंजिन मी पन चालवते. ते जाली विनायला खाडीपार गेले की हँडल मारते. दुपारभर चालू ठेवते.”

“म्हणजे बॅटरी तुम्ही उकळलीत!” खंडेराव हसला. “कशाला पण? ते चालवतातच की.”

“कमी पडला तर? दिवा मधीच गेला तर?” तिने विहिरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “दादा, माझा पोर मेलाय.”

खंडेरावने बशी खाली ठेवली.

“हे अर्नाळ्याकडं बोटी घेऊन शोधत होते तवा तो शिरगावच्या किनाऱ्याला लागला. वलखायला काय उरलं नव्हतं. मीच बांधलेला तांब्याचा ताईत होता गल्यात, त्याच्यावरून वलखला. आनन्यासारखा नव्हता. माझ्या भावानं तितंच अग्नी दिला. ताईत मी काडला नाय, जाऊ दिला त्याच्यासंगं. घरी आले तं हे तापानं फनफनलेले. म्हनाले, जयवंती, दिवा लाव, पोर येल. माझी जीभच उचलली नाय, दादा. भावाला पन शपथ घातली. मी दिव्याखाली बसते ती त्यांच्यासाठी. हा दिवा गेला तर ते जगनार नाय.”

तिने पदराने तोंड पुसलं आणि कपबशी उचलून ती घराकडे गेली. खंडेरावचे डोळे भरून आले. इतके दिवस माणसांविषयी बोललेलं सगळं त्याला आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. त्याने पिशवीतला नवा, बंद डब्याचा रेग्युलेटर काढला आणि कटआउटच्या जागी बसवला. आता दोघांनी कितीही इंजिन चालवलं तरी बॅटरी उकळणार नव्हती.

दिनानाथ घागर घेऊन आले.

“झाला काय?”

“झालं, तांडेल. आता दिवा जात नाही. तेवढी वायर बॅटरीला लावा.”

“बरं झालं, बाबा. ती सुखानं बसंल,” दिनानाथ म्हणाले आणि वायर लावायला वाकले. खंडेरावचा धडा लक्षात ठेवून त्यांनी आधी गळ्यातला तो जळून काळा पडलेला तांब्याचा ताईत मुठीत घट्ट धरला.